नमो मरिया, हवा भरली का?

वसईत स्कूलबस चालवणाऱ्या कॅथलिक माणसाविषयी लोकांचा एक गोड गैरसमज असतो. आरशाला रोझरी म्हणजे जपमाळ, डॅशबोर्डवर मरिया माउलीची छोटी मूर्ती, म्हणजे याची गाडी देवच चालवतो. देवाला चालेल, पण आरटीओला चालायचं नाही. शाळेच्या बसचालकाला अवजड गाडीचा किमान 5 वर्षांचा अनुभव हवा, हे सुप्रीम कोर्टाने 1997 सालीच सांगून ठेवलंय. देवाला अनुभव दांडगा आहे, पण बॅज नाही.

आरशाला टांगलेली ती रोझरी तर आधी काढा. वळणावर ती झोके घेते आणि नेमकं कोपऱ्यावर उभं राहिलेलं पोर झाकते. माझी खिशात असते आणि पहाटे मी ती घड्याळासारखी वापरतो. बसचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, आणि रात्रभर उभ्या गाडीच्या टाकीतली ही हवा उतरलेली असते. इंजिन सुरू केलं की बझर बोंबलायला लागतो आणि हवेचा काटा हळूहळू चढतो. रोझरीच्या एका टप्प्याला रहस्य म्हणतात. एका रहस्यात एक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि दहा ‘नमो मरिया’. घाई न करता म्हटलं की साधारण 3 मिनिटं. धडधाकट गाडीचा काटा तेवढ्यात 6 च्या वर जातो आणि बझर गप्प होतो. दुसरं रहस्य सुरू झालं तरी बझर चालूच असेल, तर तिथेच आमेन म्हणून गाडीखाली जायचं. हवा कुठेतरी लीक आहे. जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, फुगे येतील तिथे चोर. कधी ब्रेक चेंबरचा रबरी डायफ्राम फाटलेला असतो, कधी पाइपाचा जोड ढिला असतो.

टाकीखालची कडी ओढून पाणी सोडायचं, तेही रोज. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, आणि वसईच्या जुलैत हवा कमी आणि पाणीच जास्त. ते पाणी पाइपात गेलं की व्हॉल्व्ह गंजून अडकतात आणि ब्रेक उशिरा लागतो. पाण्यासोबत काळं तेल आलं, तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. त्यावर नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालत नाही, मेकॅनिकच लागतो.

सहा टायरांपैकी चार दिसतात. मागच्या जोडीतले आतले दोन म्हणजे गुप्त पापं: बाहेरून सगळं सोज्वळ, आत हवा नाही. लोखंडी रॉड मारून आवाज ऐकायचा. टणटणीत असेल तर ठीक, भद्द आला तर पंक्चर. दोन टायरांच्या फटीत दगड अडकलाय का तेही बघायचं. हे सगळं झाल्याशिवाय मी क्रुसाची खूण करत नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी मार, देवदूत झेलतील, असं सैतान येशूला सांगतो, तेव्हा येशू त्याला देवाची परीक्षा पाहू नको असं सुनावतो. ब्रेक न तपासता गाडी काढणं ही तीच उडी आहे, फक्त पाठीमागे 40 पोरं घेऊन.

परीक्षेवरून आठवलं. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’मधली ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ ही ओळ एप्रिलमध्ये माझ्या गाडीतली पोरं ज्या तळमळीने म्हणतील, तेवढी कुठल्याच धर्मगुरूने म्हटली नसेल. त्याच प्रार्थनेत आपल्या ऋण्यांचं ऋण सोडल्याची गोष्टही येते. दर महिन्याच्या 10 तारखेला, बसफीच्या वहीवर बोट ठेवून, मी ती जरा भरभर म्हणतो.

रोझरीच्या वेळापत्रकात सोमवारी आनंदाची रहस्ये येतात. हे ज्याने ठरवलं त्याने सोमवारी सकाळी सव्वासहाला बालवाडीची पोरं गाडीत चढवली नसावीत. रविवारी लग्नाचं जेवण झालेलं असतं, त्यामुळे पापडीच्या नाक्यापर्यंत एक तरी उलटी ठरलेली. ज्याला मळमळतं त्याला मागच्या चाकांवर कधी बसवू नका, हेलकावे तिथेच जास्त. पुढे, खिडकीशी बसवून लांब बघायला सांगायचं. बसमधल्या मदतनीस मावशींच्या पिशवीत जुने पेपर आणि डबाभर लाकडाचा भुसा हवाच. भुसा आधी टाकायचा, झाडू मग. उलटं केलं तर घाण सीटखालच्या पत्र्याच्या सांध्यात जाते आणि पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत दरवळते.

शुभवर्तमानातलं सगळ्यात खरं वाक्य मात्र रूटबद्दल आहे: पहिले ते शेवटचे होतील. रूटच्या टोकाचं पोर सकाळी सगळ्यांत आधी चढतं आणि दुपारी सगळ्यांत शेवटी उतरतं. त्याच्या आईला हे वचन ऐकवून उपयोग नसतो.

एका गालावर मारली तर दुसरा पुढे कर, यातले गाल म्हणजे स्कूलबसचे आरसे. गिरीज-निर्मळकडच्या वाडीतल्या रस्त्यांवर डाव्या गालावर केळीचं पान आणि उजव्या गालावर रिक्षा. अशा गल्लीत रिव्हर्स घ्यायचाच झाला तर सकाळी आधी पोरं आत, मग रिव्हर्स. दुपारी आधी रिव्हर्स, मग पोरं बाहेर. गाडी मागे जाताना एकही पोर जमिनीवर नको. रिक्षावाल्याला शिव्या द्यायच्या नाहीत आणि हॉर्नही नाही. शाळेभोवतीचा 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. ईस्टरआधीचा उपवासकाळ 40 दिवसांचा आणि वेग रोखणारा स्पीड गव्हर्नरही ताशी 40 किलोमीटरचा, त्यामुळे माझा उपवासकाळ बारमाही.

चालकांचे आश्रयदाते संत क्रिस्तोफर. 1969 साली रोमने त्यांचा सण सार्वत्रिक कॅलेंडरातून काढला, संतपद मात्र काढलं नाही. म्हणजे परमिट आहे, फक्त वेळापत्रकातून गाडी काढलीय. बाळ येशूला खांद्यावर घेऊन ते नदी ओलांडत होते आणि बाळ पावलागणिक जड होत गेलं, अशी आख्यायिका आहे. माझा अंदाज, पाठीला दप्तर असणार. दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांवर नको, असं 2020 चं राष्ट्रीय धोरण म्हणतं. ते पहिलीतल्या पोरांना कुणी वाचून दाखवलेलं दिसत नाही.

क्रिस्तोफरांचा सण 25 जुलैचा. दुसऱ्या दिवशीची तारीख मुंबईकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. 2005 साली सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. क्रिस्तोफरना नदी पार करावी लागली, मला पोरं घेऊन करायची नाही. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं की गाडी उंच जागी लावायची आणि शाळेला फोन करायचा. रिकामी गाडी काढावीच लागली तर पहिला गिअर, एक लय, मधे गिअर बदलणं नाही, आणि समोरच्या ट्रकची लाट ओसरेपर्यंत थांबायचं. एअर फिल्टरातून पाणी आत गेलं की पिस्टन ते दाबायला जातो. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. बाहेर आल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून लायनर वाळवायचे.

एका दाखल्याशी मात्र माझं जमत नाही. हरवलेल्या मेंढरासाठी मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून जातो. स्कूलबसमध्ये असं केलं तर परत येईपर्यंत नव्व्याण्णवांतलं एक मेंढरू ड्रायव्हरच्या सीटवर बसून गिअर टाकत असेल. शोधायला मावशी जातात. मी इंजिन बंद, हँडब्रेक वर, चावी खिशात, असा जागेवर. पोरं उतरली की त्यांची डोकी आरशात मोजायची, एकही कमी दिसलं तर क्लच सोडायचा नाही. ते बहुधा बंपरसमोर वाकून बुटाची नाडी बांधत असतं, काचेतून न दिसणाऱ्या जागी.

शेवटच्या थांब्यानंतर दाखला पुन्हा लागू होतो. गाडी रिकामी आहे असं वाटलं तरी शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं. सीटखाली वाकून बघायचं, दप्तराला टेकून झोपलेलं पोर उभ्याने दिसत नाही, आणि बंद काचांची बस दुपारी भट्टी होते. मी जाताना ‘नमो मरिया’ म्हणत जातो, येताना हातात दोन पाण्याच्या बाटल्या, एक रेनकोट आणि डाव्या पायाचा एक बूट असतो. उजव्या पायाचा बूट घालून ते पोर घरी कसं गेलं, हे रहस्य रोझरीत नाही.