शेती पसरली ती कशामुळे? एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. शेती माणसाला जाचक ठरली असे सांगणाऱ्या माझ्या लेखात शिकार करून आणि कंदमुळे वेचून जगणाऱ्या माणसांचे मी उगाच गोडवे गायले, त्यांची जवळपास निम्मी मुले वयात येण्याआधीच दगावत आणि शेती इतकी जाचक असती तर माणसाने ती पत्करलीच नसती, असा आपला आक्षेप आहे. बालमृत्यूंचा मुद्दा खराच आहे. मात्र पहिल्या शेतकऱ्यांची मुले अधिक सुरक्षित होती, असे म्हणायला आधार सापडत नाही.

‘पत्करली’ हा शब्द मला खटकतो. सीरियातील अबू हुरेरा हे प्राचीन गाव धरणात बुडण्यापूर्वी, १९७२-७३ मध्ये उत्खनन करून अभ्यासले गेले. तिथे माणसे आधी स्थिरावली ती हरणांच्या शिकारीवर आणि रानधान्यावर. शेती नंतर, कित्येक पिढ्यांत, हळूहळू आली. तिथल्या सांगाड्यांत हाडांच्या अभ्यासक थेया मॉलेसन यांना पायाच्या अंगठ्याचे सांधे, गुडघे आणि कंबरेचे मणके झिजलेले व विकृत झालेले आढळले, विशेषतः स्त्रियांचे. पाय दुमडून, अंगठ्यांवर भार देऊन तासन्‌तास दगडी पाट्यावर धान्य भरडल्याची ती खूण होती. (इतके कष्ट कोणी हौसेने ओढवून घेत नाही.)

मग शेती पसरली कशी? आफ्रिकेतील कलहारी वाळवंटात शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या भटक्या गटांत दोन बाळंतपणांत सुमारे चार वर्षांचे अंतर असे, कारण मूल दीर्घकाळ अंगावर पिई आणि आईलाच ते वाहून न्यावे लागे. एका जागी राहणाऱ्या, मुलाला लवकर पेज भरवू शकणाऱ्या बाईचे हे अंतर कमी झाले. मुले दगावत राहिली तरी जन्मणारी अधिक होती. माणशी हाल वाढले आणि गावेही वाढली. खाणारी तोंडे एवढी झाल्यावर रानावर पोट भरणे शक्य उरले नाही.

आपल्याकडे घोड नदीकाठच्या इनामगाव या प्राचीन शेतकरी वस्तीत मात्र इ. स. पू. १००० नंतर हे चक्र काहीसे उलटे फिरलेले दिसते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीवरची भिस्त वाढली. या काळात तिथल्या लोकांचे आरोग्य सुधारले, असा निष्कर्ष काही अभ्यासकांनी दातांवरून काढला, तर मुलांच्या हाडांवरून त्यांची वाढ खुंटल्याचे इतरांनी दाखवले. त्यामुळे शेतीपासून मागे वळणारे सुखी झाले, असे माझ्या लेखात कुठेही म्हटलेले नाही.