मशीन रिकामं दिसलं की नुकसान झालंच का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कटिंग ड्रिलच्या वेगाने चालवा, पुढे माल साचू लागला तर थांबवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: "मशीनचा हप्ता थांबत नाही, ऑपरेटरचा पगार थांबत नाही, आणि तुम्ही कटिंग थांबवायला सांगता! मशीन जितकं चालेल तितका नगामागचा खर्च कमी. तुमचं गणित फळ्यावरच शोभतं."

मग शॉपफ्लोअरचंच गणित करू. लेखातली लाइन अशी होती: कटिंग तासाला 60 नग, ड्रिलिंग 40, रंगकाम 50. आठ तास कटिंग सलग चालवलं तर 480 नग कापले जातात, पण ड्रिलमधून 320च बाहेर पडतात. उरलेले 160 ट्रॉलीत. पाच शिफ्टमध्ये ड्रिलसमोर 800 नग साचतात, म्हणजे त्यानंतर कापलेल्या नगाचा नंबर लागायला 20 तास, अडीच शिफ्ट. डिस्पॅच मात्र होता तेवढाच.

बरं, हा माल नुसता पडून राहिला तरी परवडलं असतं. कापाची लांबी मिलिमीटरभर चुकली, तर ते कळतं नग ड्रिलच्या फिक्स्चरमध्ये (नग पकडून ठेवणाऱ्या साच्यात) बसेना तेव्हा. तोवर मागच्या रांगेत तीच चूक असलेले शेकडो नग उभे असतात. त्यातच तातडीची ऑर्डर आली की रांग मोडून ड्रिलचं सेटिंग, म्हणजे वेगळ्या नगासाठी मशीनची जुळणी, बदलावं लागतं. त्याला 40 मिनिटं लागत असतील तर साधारण 27 नग गेले, आणि ते भरून काढायला ड्रिलकडे मोकळा वेळच नाही.

तीच 40 मिनिटं कटिंगवर गेली तर? 320 नग कापायला 5 तास 20 मिनिटं पुरतात. उरतात 160 मिनिटं. एका शिफ्टमध्ये चार जादा सेटिंग करूनही उत्पादन एका नगानेही घटत नाही. म्हणून कटिंगचे लॉट, म्हणजे एका सेटिंगवर सलग कापायचे नग, लहान ठेवा असं लिहिलं होतं. 1913 साली अमेरिकी इंजिनिअर फोर्ड हॅरिस यांनी किफायतशीर लॉटचं सूत्र मांडलं: सेटिंगचा आणि साठ्याचा खर्च मिळून कमीत कमी होईल एवढा लॉट. त्यात सेटिंगचा खर्च धरावा लागतो, आणि गफलत इथेच होते: तिथे सर्रास मशीन-तासाचा पूर्ण दर लावला जातो. मोकळा वेळ हाताशी असलेल्या मशीनवर जादा खर्च होतो तो मुख्यतः सुरुवातीला वाया जाणाऱ्या नगांचा. तेवढाच धरून पाहा, लॉट किती लहान निघतो ते.

नगामागचा खर्च कमी होतो, हे कागदावर खरं आहे. हप्ता, पगार असा स्थिर खर्च 320ऐवजी 480 नगांवर वाटला की आकडा उतरणारच. पण त्या खर्चाचा एक हिस्सा न विकलेल्या मालाच्या किमतीत जाऊन बसतो. ताळेबंदात साठा फुगतो, नफा दिसतो, आणि स्टीलवाल्याचं बिल भागवायला बँकेत पैसे नसतात.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर. "कटिंग ड्रिलच्या वेगाने चालवा" एवढंच लिहून मी थांबलो, ते अपुरं होतं. ब्लेड तुटलं तर ड्रिल उपाशी राहील. म्हणून ड्रिलसमोर तासाभराचे, म्हणजे 40 नग कायम हवेत. कटिंग अर्धा तास बंद पडलं तर त्यातले 20 खर्च होतात. पुन्हा सुरू झालं की पूर्ण वेगाने तासाला 20 जादा कापून तासाभरात ते भरून निघतात. कटिंगची जादा क्षमता असते ती यासाठी. 40 नग भरले की थांबायचं, आणि त्या वेळात ऑपरेटरला ड्रिलसमोरचे नग तपासायला लावायचं. वाकडा नग ड्रिलवर चढला की दीड मिनिट फुकट जातं.

हो, आणि वरचे 320 हे ड्रिल जेवणाच्या सुट्टीतही चालू राहिलं तरच. सुट्टीत अर्धा तास बंद ठेवलं तर 20 नग वजा करा. बदली माणूस द्यायचाच असेल तर आधी तिथे द्या.