‘काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही आणि शेवट हास्यास्पद’: या अभिप्रायाला निर्मात्यांचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या चित्रपटाचा सांगलीतला रविवार रात्रीचा शो पाहून तुम्ही दोन तारे दिलेत आणि चार तक्रारी लिहिल्यात. कोल्ड स्टोरेजमधल्या प्रसंगात काळोखाशिवाय काही दिसत नाही, बहिणींची कुजबुज कळत नाही, अमली पदार्थांच्या एकाच छाप्यात धाकटीला जामीन आणि अक्काला नाही हे हास्यास्पद आहे, आणि सांगलीची फुकट बदनामी केली आहे. पहिल्या तक्रारीत चूक आमची आहे, दुसरीत निम्मी आमची. तिसरी मात्र मान्य नाही, कारण अख्खी गोष्ट त्या जामिनावर उभी आहे.

आधी काळोखाचं. पडद्याच्या मध्यावर पांढऱ्या रंगाला १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे साधारण ४८ निट्स उजेड असावा, असं डिजिटल सिनेमाचं प्रमाण आहे. आमचं रंगकाम, म्हणजे कलर ग्रेडिंग, त्याच हिशेबानं झालं. पण प्रोजेक्टरचा झेनॉन लॅम्प जुना झाला, केबिनच्या काचेवर धूळ बसली किंवा आधीच्या थ्रीडी खेळाचा पोलरायझर, म्हणजे उजेड गाळणारी काच, लेन्ससमोरून काढायचा राहिला, की उजेड निम्म्यावर येतो. दिवसाचे प्रसंग त्यातही निभावतात. रात्रीचा प्रसंग मात्र हातचा जातो, कारण पायऱ्यांवरचे दिवे आणि दारावरची पाटी यांचा उजेड तेवढाच राहतो आणि पडद्यावरचा काळा रंग राखाडी करून टाकतो. बेदाण्याच्या खोक्यांमागे उभ्या असलेल्या अक्काच्या चेहऱ्यावर आम्ही फक्त एका बॅटरीचा उजेड ठेवला होता. तो त्या राखाडीत विरून गेला. तालुक्याच्या थेटरात असं होणार हे गृहीत धरूनच काम करायला हवं होतं. शेवटची तपासणी आम्ही उत्तम प्रोजेक्टरवर केली, रोज वापरात असलेल्या साध्या पडद्यावर केली नाही. ही चूक आमचीच.

‘मग उजेड वाढवून टाका’ असं तुम्ही लिहिलंय. ते एका दिवसात होत नाही. डीसीपीत, म्हणजे थेटरला जाणाऱ्या डिजिटल प्रतीत, चित्रपट रिळांमध्ये विभागलेला असतो, त्यामुळे सगळी प्रत नव्यानं करावी लागत नाही. ते एक रीळ सुधारून पूरक फाइल पाठवता येते. पण प्रतीची ओळख बदलते, म्हणून प्रत्येक थेटरच्या सर्व्हरसाठी केडीएम, म्हणजे प्रत उघडायची चावी, नव्यानं काढावी लागते. जुनी चावी नव्या प्रतीला चालत नाही, आणि ऐन खेळाच्या वेळी पडदा कोरा राहण्याचं हे नेहमीचं कारण आहे. शिवाय सेन्सॉर प्रमाणपत्र मिळाल्यावर काढघाल किंवा रंगात फेरफार केला, तर तो मंडळाला कळवून प्रमाणपत्रावर नोंद करून घ्यावी लागते. रीळ तयार आहे, नोंदीसाठी अर्ज केला आहे. नोंद होईपर्यंत जुनीच प्रत चालेल.

आवाजाचं थोडं वेगळं आहे. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात आणि आवाजांचं मिश्रण फेडर, म्हणजे थेटरातलं आवाज कमीजास्त करायचं बटण, ७ वर धरून केलेलं असतं. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, प्रेक्षक ओरडतात, ऑपरेटर फेडर ५ वर आणतो आणि चित्रपट सुरू झाला तरी तो तिथंच राहतो. दोन आकड्यांत साडेसहा डेसिबलच्या आसपास आवाज पडतो. आरडाओरडा तेवढ्यातही ऐकू येतो, कुजबुज बुडते. आधी ‘स’, ‘श’, ‘च’ जातात. ‘चावी खोक्यात हाय’ हे अक्काचं वाक्य तुम्हाला कळलं नाही, ते बहुधा यामुळे. आणि त्या वाक्याशिवाय पुढचा अर्धा तास निरर्थक वाटणारच. त्या वाक्याखाली कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसरची घरघर आम्ही जास्त ठेवली, तो आमच्या वाट्याचा दोष. नव्या रिळात ती कमी केली आहे.

आता जामीन. शेवट पाहिला नसेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्यात, १९८५ पासून, सगळं वजनावर ठरतं असं लोक म्हणतात. मुळात तसं नव्हतं, अल्प आणि व्यावसायिक प्रमाणाची विभागणी २००१ च्या दुरुस्तीनं आली. चित्रपटातला अमली पदार्थ मेफेड्रोन, म्हणजे एमडी, २ ग्रॅमपर्यंत अल्प आणि ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त १ वर्ष सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यावसायिक प्रमाणाला १० ते २० वर्षं आणि १ ते २ लाख दंड. धाकटीच्या कुर्त्याच्या खिशात दीड ग्रॅम सापडतो. अक्काच्या पुडीचं वजन काट्यावर ५८.४० ग्रॅम दिसतं, तो आकडा आम्ही मुद्दाम पडदाभर दाखवला आहे. ५० च्या वर गेलं की कलम ३७ लागतं: सरकारी वकिलाचं म्हणणं ऐकायचं, आणि आरोपी दोषी नाही व सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही असं मानायला न्यायालयाला सबळ कारण दिसलं तरच जामीन. धाकटीला ही अट नाही. आणि अक्काच्या पुडीत निम्मी भेसळ आहे, ती तिनंच माल वाढवायला केलेली. २००९ च्या अधिसूचनेनुसार शुद्ध अमली पदार्थाचं वेगळं वजन धरत नाहीत, अख्ख्या मिश्रणाचं धरतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे कायम केलं. तिनं पैशाच्या लोभानं घातलेली भेसळच तिला १० वर्षांच्या दारात नेते.

वकील मंडळी विचारतील की कलम २९, म्हणजे कट, धाकटीला का नाही? रास्त प्रश्न. तो लावायला दोघींमधला दुवा पुराव्यानं दाखवावा लागतो, आणि अक्का फोन आधीच का मोडते याचं उत्तर तिथं आहे. पोलीस महिला शिपायाची वाट बघत बसतात त्या प्रसंगाला तुम्ही ‘रटाळ’ म्हटलंय. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची, हे कलम ५० मध्ये आहे. त्या वीस मिनिटांत दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता खोक्यांवर बसून आहेत. तो प्रसंग कापणार नाही.

सांगलीच्या बदनामीबद्दल थोडकंच. गोष्ट कल्पित आहे. पण २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडमधून मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला, हे इथं प्रत्येकानं वाचलं आहे. माल कसा बनतो ते आम्ही कुठंही दाखवलं नाही, एका रसायनाचं नावसुद्धा नाही. तुम्हाला ती उणीव वाटली, आम्ही ते ठरवून केलं.

मंडळाची नोंद झाली की सुधारित प्रतीच्या शोच्या तारखा याच पानावर टाकू. तुमचं जुनं तिकीट किंवा मोबाइलवरचा मेसेज दाखवा, तुमच्या घरच्या तेवढ्याच माणसांना त्या शोला पैसे द्यावे लागणार नाहीत. घरातलं १८ च्या आतलं कुणी असेल तर त्यांना आणू नका, चित्रपट ‘ए’ आहे आणि दारावरून परत पाठवावंच लागेल. थ्रीडीसाठीचा सिल्व्हर पडदा असलेल्या थेटरात कडेच्या खुर्चीवरून उजेड कमी दिसतो, तेव्हा मधल्या रांगेतली मधली जागा मागा. आवाज बारीक वाटला तर मध्यंतराची वाट न बघता डोअरकीपरला सांगा, ‘फेडर सातवर आहे का बघा’. एवढं ऐकलं की ऑपरेटर बघतो.

आपले,
निर्मिती संस्थेच्या वतीनं, सांगली