शुक्रवारची शेवटची फ्लाइट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लंडन सिटी विमानतळावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंय, की मध्य लंडनमधल्या 'बँक' स्टेशनवरून डीएलआर या हलक्या रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटांत गाठता येणाऱ्या विमानतळासाठी मी लोकांना उगाच धास्ती घालते, आणि शुक्रवारची शेवटची फ्लाइट टाळा हा सल्ला तर शुद्ध अतिरेक आहे.

पहिला मुद्दा मान्य. स्टेशन टर्मिनलला लागूनच आहे आणि आतही फार चालावं लागत नाही. 'तीन तास आधी पोहोचा' हे मी मोठ्या विमानतळांच्या सवयीने लिहून गेले. ते वाक्य काढलंय.

शेवटच्या फ्लाइटबद्दल मात्र मी ठाम आहे. इथे धावपट्टी एकच, तीही १,५०८ मीटरची, जुन्या गोद्यांच्या पाण्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर. विमान ५.५ अंशांच्या कोनात उतरतं. एरवी हा कोन ३ अंशांच्या आसपास असतो. त्यासाठी विमानाला वेगळी मान्यता लागते आणि वैमानिकाला वेगळं प्रशिक्षण. त्यामुळे एखादं विमान बिघडलं तर कंपनीला हाताशी असेल ते दुसरं विमान इथे धाडता येतंच असं नाही. त्यातून शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत विमानतळ बंद. आसपासच्या रहिवाशांना तेवढी तरी शांतता मिळते, आणि घरं इतकी जवळ आहेत की तो त्यांचा हक्कच आहे.

एका शुक्रवारी संध्याकाळी मी तिथे अडकले. आधी काचेतून गोदीचं पाणी दिसेनासं झालं, मग समोर उभ्या विमानाची शेपटीही धुक्यात गेली. आमचं येणारं विमान दुसरीकडे वळवलं. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे फिरवला: शनिवार सकाळ पूर्ण भरलेली, आणि त्याखालची ओळ थेट रविवार दुपारची. शनिवारी सकाळी बहिणीचं ऑपरेशन होतं. तिला आत नेलं तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते.

त्या रांगेत मला सुचायला हवं होतं ते आता लेखात सगळ्यात वर टाकलंय. शुक्रवारी शक्यतो दुपारचं विमान घ्या, म्हणजे मागे त्याच दिवसाचं आणखी एखादं उरतं. फ्लाइट रद्द झालीच तर 'पुढची फ्लाइट कधी?' असं विचारू नका. हीथ्रो किंवा गॅटविकहून आज रात्री काही मिळेल का, ते विचारा. आणि सामान हातातच ठेवा. बॅग चेक-इन केलेली असली, तर ती परत मिळेपर्यंत तिथून हलता येत नाही.