हात हलवत परत या

सायकल चालवणाऱ्या वाचकहो, मनगटावर स्मार्टवॉच बांधल्याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. आपण व्यायाम केला की नाही हे ठरवायला आजवर आपल्यापाशी लागलेली धाप, भिजलेला सदरा आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्यांनी केलेली कुरकुर एवढीच सांगोवांगीची साधने होती. यापुढे तो निकाल घड्याळ देणार आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला, असे पूर्वी म्हणत. आता काकणच आरसा झाले आहे, आणि त्यात आपले पाय तेवढे दिसत नाहीत. हा दोष घड्याळाचा आहे असे समजून अनेक सायकलस्वार उगाच चिडतात. वस्तुतः दोष सायकलस्वाराचा आहे आणि थोड्या प्रयत्नाने तो दूर होण्यासारखा आहे.

माझा स्वतःचा उद्धार उशिराच झाला. घड्याळ घेतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी दीड तास वाऱ्याला तोंड देत सायकल हाणली. शेवटच्या चढावर जीभ बाहेर आलेली असताना मनगट थरथरले, म्हणून शाबासकीच्या अपेक्षेने पाहिले, तर आपण बराच वेळ बसून आहात, जरा उठून हिंडा, असा मजकूर झळकत होता. मी बसलेलो होतो हे खरेच होते, आणि खऱ्या विधानावर रागावणार कसे? घरी येऊन दिवसाचा हिशेब पाहिला, तर व्यायाम ४ मिनिटे. तीही बहुधा सायकलच्या कुलपाची किल्ली शोधत घरभर फिरलो तेव्हाची. संध्याकाळी कपडे वाळत घालताना मात्र झटकलेल्या प्रत्येक चादरीगणिक पावले जमा होत गेली. व्यायामाची माझी व्याख्याच इतकी वर्षे चुकत होती, हे त्या चादरींनी मला शिकवले.

घड्याळाची बाजू समजून घेणे अवघड नाही. त्याच्या पोटात ॲक्सेलरोमीटर नावाचा एक बारीकसा सेन्सर असतो आणि मनगटाला बसणारे हिसके तो टिपत राहतो. माणूस चालू लागला की हात झोक्यासारखा मागेपुढे होतो. त्या झोक्यात ठरावीक लय सापडली की घड्याळ पाऊल मोजते आणि लय पुरेशी जलद असली की त्याला व्यायाम म्हणते. सायकलस्वार काय करतो? दोन्ही हात हँडलवर टेकवतो आणि तासभर हलवत नाही. खाली पाय मिनिटाला ८० फेऱ्या मारत असतील, पण घड्याळ पायाला बांधलेले नसल्यामुळे त्याच्या दृष्टीने हा इसम हातावर हात धरून बसलेला असतो. कष्ट करण्याला आपण हातपाय हलवणे म्हणतो. घड्याळाने त्यातला पहिला अर्धा शब्द तेवढा ऐकला आहे. काहीही न मिळवता रिकामे परतण्याला मराठीत हात हलवत परत येणे म्हणतात, हे तर त्याच्या कानावर कधी आलेलेच दिसत नाही. कारण घड्याळाच्या दरबारात हात हलवत परतणारा हाच कर्तबगार ठरतो.

यावर एखादा चिकित्सक विचारील की हृदयाचे ठोके तर ते मोजते ना, मग धडधडणारे काळीज त्याला ऐकू येत नाही का? ऐकू येत नाही, दिसते. आणि तेही स्वच्छ दिसेलच असे नाही. घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालचे रक्त कमीजास्त झाले की परत येणारा उजेडही कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके ओळखले जातात. कल्पना सुंदर आहे. परंतु सायकलवर मनगट वाकलेले असते, हँडल पकडून स्नायू ताठलेले असतात, खडबडीत रस्ता घड्याळाला त्वचेवर नाचवत असतो आणि पहाटेच्या गारठ्यात त्वचेतले रक्त आतल्या बाजूला सरकलेले असते. म्हणून सल्ला असा की सायकल चालवताना हँडल धरू नये, ब्रेक दाबू नये, रस्त्यावर जाऊ नये आणि थंडीत बाहेर पडू नये. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, जरा घट्ट बांधले की आकडे पुष्कळ सुधारतात, किंवा छातीला बांधायचा पट्टा ठोक्यांची विद्युत स्पंदने थेट टिपतो, असेही जाणकार सांगतात. पण हे उपाय खरोखरच चालतात, त्यामुळे या लेखात त्यांना स्थान देता येत नाही.

आता बटणाविषयी. सायकलिंगचा वेगळा प्रकार निवडून, बटण दाबून, मगच टांग मारावी, म्हणजे फेरी मोजली जाते, असे माहितीपत्रक सांगते, आणि ते खरे आहे. यात गैर काय? व्यायाम करण्यापूर्वी वर्दी देणे ही साधी शिस्त आहे. ज्यांना वर्दीचा विसर पडतो त्यांच्यासाठी काही घड्याळे आपणहून सायकल ओळखतात. मात्र ओळख पटायला त्यांना काही मिनिटे लागतात, आणि ती पटली की आपण व्यायाम करत आहात काय, असा नम्र प्रश्न ती नेमकी अशा वेळी विचारतात की उत्तर द्यायला एक हात सोडावा लागतो आणि समोरून ट्रक येत असतो. प्रश्नाला उत्तर न देणाऱ्याने व्यायाम केला नाही असे कुणी मानले, तर तक्रार कशी करणार?

सर्वांत बेशिस्त म्हणजे सायकलचा उपयोग कुठेतरी जाण्यासाठी करणारे लोक. सकाळी सात मिनिटे कामावर, दुपारी पाच मिनिटे टपालाला, संध्याकाळी नऊ मिनिटे वाचनालयात, असे हे दिवसभर तुकड्यातुकड्यांनी पायडल मारत असतात, आणि घड्याळाला ओळख पटेपर्यंत त्यांचे मुक्कामाचे ठिकाण येते. महिनोन्महिने असे चालते. बरे, वाचनालयात निघालेल्या माणसाला बाहेरील सायकलिंग सुरू करा असे बटण दाबायला लाज वाटते, कारण आपण व्यायामाला नव्हे, पुस्तक बदलायला चाललो आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. या लोकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की त्यांनी ही सर्व कामे मोटारीने करावीत आणि वाचलेल्या वेळात घरी येऊन खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालाव्यात. त्याची नोंद होते.

काही जण शास्त्राचे दाखले घेऊन भांडायला येतात, त्यांच्यासाठी थोडे गणित. निरनिराळ्या हालचालींना किती शक्ती लागते याची एक जाडजूड यादी संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे ती सुधारत नेली. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च हे तिचे माप असून त्याला मेट म्हणतात. तिच्या २०११ च्या आवृत्तीत सपाटीवर ताशी ५ किलोमीटरच्या आसपास चालणे ३.५ मेट आहे आणि ताशी २० किलोमीटरच्या आसपास सायकल चालवणे ८ मेट. म्हणजे यादीचे खरे मानायचे तर अर्ध्या तासाची सायकल तासाभराच्या चालण्याला भारी पडते. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार हालचाल पुरेशी मानते आणि त्यात हात किती वेळा हलला पाहिजे याचा उल्लेखही करत नाही. असल्या ढिलाईवर काय बोलावे! शिवाय वाऱ्याचे प्रकरण वेगळेच. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे वाऱ्याविना वेग दुप्पट करायचा तर नुसत्या हवेसाठी आठपट जोर लागतो. आणि समोरून वारा असला की गोगलगायीच्या चालीनेही छाती फुटते. वेग पाहून अंदाज बांधणाऱ्या घड्याळाला मात्र तेव्हा गोगलगायच दिसते. तेव्हा वाऱ्याच्या दिशेनेच जावे. परत कसे यायचे हा प्रश्न घड्याळाच्या कक्षेबाहेरचा आहे.

चढाचेही तेच. अनेक घड्याळे हवेच्या दाबावरून उंची ओळखतात आणि साधारण ३ मीटर चढले की एक मजला मोजतात, पण त्याबरोबर पावलेही पडावी लागतात. ३०० मीटर उंचीचा डोंगर आपण सायकलने चढून गेलात तर शंभर मजले होतात, आणि घड्याळ शून्य लिहिते. त्याच्या मते आपण लिफ्टने गेलात.

मुळात घड्याळ आणि सायकल यांचे वैर फार जुने आहे. दिवसाला १०,००० पावले हा जो मंत्र आपण जपतो तो १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या मानपो-केई या पाऊलमापकाच्या नावातून आला. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचे माप. कुणा वैद्याने नाडी पाहून तो आकडा सांगितला नव्हता. उलट सायकलचा जन्म झाला तो पावले वाचवण्यासाठी. १८१७ मध्ये कार्ल ड्राइस या जर्मन संशोधकाने मॅनहाइममध्ये आपले दुचाकी यंत्र बाहेर काढले तेव्हा त्याला पायडल नव्हते. स्वार पायांनी जमीन मागे लोटत जाई. तेथवर ठीक होते. घात केला तो १८६० च्या दशकात आलेल्या पायडलने, कारण तेव्हापासून पाऊल जमिनीवरून उठले ते उठलेच. १९७२ मध्ये एडी मर्क्स या बेल्जियन सायकलपटूने मेक्सिको सिटीच्या गोल धावपट्टीवर एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला आणि तो तास आपल्या आयुष्यातला सर्वांत खडतर म्हणून सांगितला. त्या तासात त्याचे हात हँडलवरच होते. आजचे घड्याळ त्याच्या मनगटावर असते, तर पन्नासाव्या मिनिटाला त्याने मर्क्सला जरा उठून हिंडायला सांगितले असते.

तरीही आपण सायकल सोडणार नसाल, तर काही व्यवहारी तोडगे आहेत. घड्याळ घोट्याला बांधावे. पायडलच्या फेऱ्या पुष्कळदा पावले म्हणून खपतात, फक्त वेळ पाहताना वाकावे लागते आणि अनोळखी लोक पोलिसांच्या नजरकैदेतला म्हणून सहानुभूतीने बघतात. रस्ता निवडताना खड्ड्यांचा निवडावा, कारण हादऱ्यांनाही घड्याळ कधीकधी पाऊल समजते. वळताना हात दाखवणे कायद्याने योग्य आहेच, तो दोनचार वेळा जास्त दाखवावा. हात दाखवून अवलक्षण होण्याचे दिवस गेले. राहिलेली तूट झोपण्यापूर्वी पलंगावर बसून टाळ्या वाजवून भरून काढावी. घरचे विचारतील, तर आज ४० किलोमीटर सायकल चालवली त्याचे कौतुक चालले आहे असे सांगावे.

माझे एक स्नेही यापुढे गेले. चढावर उतरून सायकल ढकलत नेली तर निदान ती पावले मोजली जातील असा त्यांचा हिशेब होता. नाही जात. ढकलतानाही हात हँडलवरच असतो. बाळाची गाडी किंवा दुकानातली ट्रॉली ढकलणाऱ्यांचीही हीच गत होते. शेवटी त्यांना उमगलेली रीत मी आपणास जशीच्या तशी देतो. घड्याळ डाव्या मनगटावर असावे. सायकलच्या डाव्या अंगाला उभे राहून उजव्या हाताने तिचे हँडल धरावे, डावा हात मोकळा सोडून जोरजोरात झुलवावा आणि चाकांत भरपूर हवा भरलेली ती सायकल बरोबर घेऊन झपाट्याने चालत सुटावे. वाटेत भेटणारा प्रत्येक जण पंक्चर झाली का, असे विचारील. हो म्हणावे. खरे कारण सांगत उभे राहिलात, तर पावले थांबतात.