अलास्कातले डायनोसॉर हिवाळ्यात कुठं जायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर अलास्कात डायनोसॉर बारमाही राहत होते, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: तेव्हा अलास्का ध्रुवाजवळ नव्हताच, असलाच तरी ही जनावरं उन्हाळ्यापुरती येऊन परत दक्षिणेला जात असणार, कारण सरपटणाऱ्यांना थंडी सोसत नाही, आणि ऑस्ट्रेलियातला कूलासुकस हा उभयचर, त्याला मी सरपटणाऱ्यांत बसवलं.

शेवटचं अगदी बरोबर. मगरीसारखा दिसतो म्हणून फसलो. लेखात दुरुस्ती केली आहे.

पहिल्या मुद्द्याला मात्र मान डोलावता येत नाही. खंड सरकतात, पण आपल्या सोयीच्या दिशेनं नाही. ही हाडं ज्यांत सापडतात ते उत्तर अलास्कातले प्रिन्स क्रीकचे खडक साधारण ७ कोटी वर्षांपूर्वीचे. ती जागा आज ७० अंश उत्तरेला आहे. तेव्हा ८० ते ८५ अंशांवर होती. म्हणजे आजच्यापेक्षाही ध्रुवाजवळ! वर्षाचं सरासरी तापमान ६ अंश सेल्सिअसच्या आसपास, हिवाळ्यात हिमवर्षाव आणि जवळपास चार महिने सूर्यदर्शन नाही. (जंगल मात्र होतं. लेखाला हिमनद्यांचा फोटो लावला ही माझी आणखी एक चूक, ती तुमच्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे.)

स्थलांतराची शंका रास्त आहे, बरीच वर्षं अनेक शास्त्रज्ञांचंही तेच मत होतं. १९६१ साली तिथं पहिली हाडं सापडली, तेव्हा तर ती सस्तन प्राण्यांची वाटली होती. पारडं फिरलं ते पिल्लांमुळे. तिथल्याच कोलविल नदीकाठची माती चाळण्यांतून धुवायची, उरलेला कण न् कण सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, असं वर्षानुवर्षं केल्यावर ड्रकनमिलर, एरिकसन हे जीवाश्मतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती टाचणीच्या डोक्याएवढे दात आणि हाडं लागली. काही नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची, तर काही अंड्यातच मेलेल्यांची. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं: बदकचोचे, शिंगवाले, टायरॅनोसॉर धरून सात गटांची पिल्लं.

आता हिशेब करा. भ्रूणाच्या दातांवर रोज एक बारीक थर चढतो. ते थर मोजून एरिकसननी आधीच दाखवलं होतं की प्रोटोसेराटॉप्स या डायनोसॉरचं अंडं उबायला तीनेक महिने लागत, बदकचोच्या हायपॅक्रोसॉरसचं सहाएक. एप्रिलमध्ये घातलेल्या अंड्यातून बदकचोच्याचं पिल्लू बाहेर येणार ते सूर्य मावळायच्या बेताला. त्यानं लगेच हजारो किलोमीटर चालायचं? की आई कडेवर घेणार?

आणि सरपटणाऱ्यांना थंडी सोसत नाही, हे तर या खडकांतच दिसतं. दक्षिणेकडच्या त्याच काळातल्या खडकांत कासवं, मगरी, सरडे आहेत. प्रिन्स क्रीकमध्ये एकही सापडलेलं नाही. सापडतात ते अंगात स्वतःची ऊब धरणारे. डायनोसॉरांना मगरीच्या मापानं मोजू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.