पंचायतीच्या हातात काय असतं? पार्किंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पार्किंगवर मी लिहिलं होतं त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली, पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा डोकं तापलं म्हणून जेवून परत वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या या गोव्यातल्या गावात किनाऱ्यामागे होऊ घातलेल्या पेड पार्किंगला आणि दोन हायमास्टना, म्हणजे उंच खांबावरच्या मोठ्या दिव्यांना, मी उगाच आडवा येतोय, पंचायत बिचारी काय करणार, तिच्या हातात काही नसतं सगळं वरून येतं, आणि ग्रामसभेत पाच-पंचवीस माणसं ओरडली म्हणजे ते गावचं मत होत नाही. शिवाय सीझनमध्ये गाड्या रस्त्यावर लागल्या की पहिली बोंब मीच मारतो.

मारतो ना. शनिवारी संध्याकाळी तिठ्यावर अॅम्ब्युलन्स अडकलेली बघा, तुम्हीही माराल. पण पार्किंगच नको असं मी लिहिलेलं नाही, त्या जागेवर नको असं लिहिलंय. सुरूची झाडं आणि पुळण यांच्या मधला तो उंचवटा, मर्यादवेल पसरलीय तो, ती वाळूची टेकडी आहे, आणि वाळूच्या टेकड्या नि कासवांच्या अंडी घालायच्या जागा दोन्ही सीआरझेड-१ मध्ये, म्हणजे किनारा नियमन कायद्यातल्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या पट्ट्यात येतात, २०११ च्या अधिसूचनेतही आणि २०१९ च्यातही. कायदा राहू दे बाजूला, आपल्या वाड्यावरच्या विहिरी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असून पाणी गोडं कसं याचा कधी विचार केलाय? पावसाचं पाणी त्या वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्याच्या वर राहतं. तिथे खडी घालून रोलर फिरवला की मुरणार कुठे?

हायमास्टचं तर विचारूच नका. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग, या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बहुतेक रात्रीच बाहेर पडतात आणि जिकडे उजेड तिकडे चालायला लागतात. एरवी तो उजेड समुद्राच्या बाजूला असतो. मागे हायमास्ट पेटला की पिल्लं उलटी फिरतात, पार्किंगकडे.

आता पंचायतीच्या हातात काही नसतं हे. अर्धं मान्य. टीसीपीने, म्हणजे नगरनियोजन खात्याने, आपल्या कायद्याच्या कलम १७(२) खाली जमिनींचे झोन बदलले तेव्हा गावाला कोण विचारायला आलं होतं, शेवटी हायकोर्टाने २०२५ मध्ये त्याचे नियम रद्द केले तेव्हा कुठे थांबलं. पण बांधकामाचं लायसन कोण देतं? धंद्याचं लायसन, घर नंबर, घरपट्टी? पंचायतच ना. १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याचं ६६ कलम, म्हणजे विनापरवाना बांधकाम थांबवा, पाडा, ते पहिलं पंचायतीच्याच हातात दिलंय, पुढे पंचायतीने काही केलं नाही तर पंचायत खात्याचे उपसंचालक. आमच्याकडे नोटीस निघते हो, ती फायलीला लागते आणि पुढच्या सीझनला त्याच बांधकामावर आणखी एक माळा दिसतो. याला हातात काही नसणं म्हणत नाहीत.

आणि पाच-पंचवीस माणसांचं. ग्रामसभा वर्षाला चार, त्या पण रविवारी, कोणाला अडवलंय? पंचमंडळाच्या मीटिंगला तर दहा माणसंही नसतात, त्यांनी घेतलेला निर्णय मात्र गावचा निर्णय, तेव्हा तुम्ही डोकी मोजत नाही! रिजनल प्लॅन २०११, म्हणजे २०११ सालापर्यंतचा गोव्याच्या जमीनवापराचा आराखडा, सरकारला २००७ च्या जानेवारीत रद्द करावा लागला तो काय मंत्र्यांना अचानक सुचलं म्हणून नव्हे, गोवा बचाव अभियान आणि गावागावातली माणसं रस्त्यावर आली म्हणून.

मला खरा राग आहे तो मिनिट्सचा, म्हणजे सभेच्या लेखी इतिवृत्ताचा. जुलैच्या ग्रामसभेत या पार्किंगवर पाऊण तास वाद झाला. एक म्हातारे रापणकार, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, उठले, त्यांचा प्रश्न एवढाच की पावसात होडी ओढून वर आम्ही तिथेच ठेवतो, उद्या तिथे गाड्या लागल्या तर होडी कुठे न्यायची, घरात? सगळे हसले, उत्तर कोणी दिलं नाही. ऑक्टोबरच्या सभेत सेक्रेटरीने जुलैचे मिनिट्स वाचले त्यात काय, तर ‘पार्किंग या विषयावर सविस्तर चर्चा होऊन पुढील कार्यवाहीचे अधिकार पंचायत मंडळास देण्यात आले.’ बस. होडी नाही, विहीर नाही, विरोध केला त्यांची नावं नाहीत. कोणी दिले अधिकार? मी पहिल्या रांगेत बसलेलो, हात वर करायला कोणी सांगितलंच नाही. आणि आता हाच कागद वर जाणार, ग्रामसभेची मंजुरी म्हणून. तुम्ही म्हणता वरून येतं, अहो पण ते वर जातं इथूनच.

जागा सुचवा म्हणालात, सुचवतो. तिठ्याजवळचं बाजाराचं पटांगण. बाजार आठवड्यातून एकदा, बाकी सहा दिवस तिथे कुत्री झोपतात. किनारा चालत दहा मिनिटं, चालायचा कंटाळा येईल त्याला पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, आहेत, त्यांनाही दोन पैसे मिळतील. बाजाराच्या दिवशी काय करायचं ते मात्र बसून ठरवावं लागेल, आणि फी कोण गोळा करणार हे पण, कारण कॉन्ट्रॅक्ट कोणाला जाणार यावरच अर्धी भांडणं आहेत असं मला वाटतं.

जानेवारीत ग्रामसभा आहे. तुम्ही पार्किंगच्या बाजूने असाल तर तसं बोला, माझी काही हरकत नाही, फक्त तोंडी बोलून गप्प बसू नका, आधीच लेखी द्या आणि ते मिनिट्समध्ये घ्या म्हणून सभेत सांगा. मी जुलैच्या मिनिट्सवर हरकतीचा अर्ज देणार आहे, सही करायची असेल तर कळवा. स्वतःचा वेगळा देणार असाल तर दोन कॉपी न्या आणि आपल्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का मारून घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.